मधल्या कुंडाचं शेवाळ

“हात घातला होतास ना?” काशमबाबांनी विचारलं.

“घातला होता.”

“मग हातानं काय सांगितलं?”

विश्रामनं दोन्ही हात मांडीवर टॉवेलात गुंडाळून ठेवले होते, थंडी वाजावी तसे. चैत्राचं ऊन होतं. थंडी कुठली?

“सांग की,” बाबा म्हणाले. “मला घाई नाही.”

“बरोबर आहे, असं सांगितलं.”

“हातानं सांगितलं, का तू सांगितलंस?”

“एकच ना ते.”

“एकच?”

...

हे आमच्या उन्हवलीच्या कुंडांवरचं. मी तिथं पंधरा वर्षं भात शिजवून देते. तांदूळ फडक्यात बांधायचे, पुरचुंडी दोरीनं वरच्या कुंडात सोडायची, थोड्या वेळानं भात. येणारे लोक प्रसाद म्हणून खातात. तेव्हा जे सांगते ते समोर घडलेलं आहे. कुणाकडून ऐकलेलं नाही.

कुंडं तीन. वरच्यात पाणी जमिनीतून उकळत येतं. त्याच्या काठाला काही जगत नाही, नुसता पांढरा खार धरलेला. तिथून पाणी कातळावरून खाली उतरतं, तो कातळ आधी पिवळा, मग तांबडा, आणि मधल्या कुंडाच्या तोंडाशी हिरवा. हिरवं म्हणजे शेवाळ. जाड, बुळबुळीत, पाय ठेवाल तर आपटाल. मधल्या कुंडात बाजूनं पऱ्याचं, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचं, थंड पाणी मिसळतं, म्हणून तिथं माणूस बसू शकतो. सांधे धरलेले, खरूजवाले, अंगावरून वारं गेलेले, सगळे तिथंच बसतात. खालच्या कुंडात बायका कपडे धुतात.

काशमबाबा चाळीस वर्षं या पाण्याची राखण करतात. फकीर माणूस. एक झोपडी, एक बकरी. हिंदू येवो, मुसलमान येवो, बाबांनी पाण्यात हात घातल्याशिवाय कुणी पाय घालायचा नाही, ही इथली रीत. बाबा हात घालतात आणि चटकन काढतात. तोंडानं “स्स” करतात. कधी म्हणतात थांब, कधी म्हणतात ये.

आणि ज्याच्या पायाला कळतच नाही, साखरेचा असो, कुष्ठाचा असो, त्याच्यासाठी बाबा स्वतःचा पाय त्याच्या पायाला चिकटवून आत घालतात. त्याचा बाहेर येईपर्यंत आपला काढत नाहीत. कुष्ठाच्या पायाला पाय लावतात म्हणून दोन घरांनी बाबांना पाणी देणं बंद केलं होतं. बाबांनी कुंडाचं पाणी निववून प्यायलं, पण रीत सोडली नाही.

विश्राम शिगवण आला गेल्या गणपतीनंतर. इथलाच, पलीकडच्या वाडीतला. बोटीवर होता. मोठी पॅसेंजर बोट, इंजिनखात्यात सतरा वर्षं. देश बघितलेला माणूस. आला तोच म्हणाला, “बाबा, मला जवळ करा. तुमच्यामागं हे मी बघेन.”

बाबा म्हणाले, “बस.”

एवढंच. तो बसला.

सात महिने बसला. पण तोंड काही बसलं नाही त्याचं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “तुम्ही हे काय बघताय? जपानात बेप्पू म्हणून गाव आहे. तिथं एक तळं रक्तासारखं लाल आणि एक निळंशार. त्यातून अशी वाफ निघते. न्यूझीलंडला एक तळं आहे, काठ नारिंगी आणि आतलं पाणी हिरवं. आइसलँडला वर बर्फ पडतो आणि माणसं ऊन पाण्यात बसून सरबत पितात.” लोक तोंड उघडं टाकून ऐकायचे. मीही ऐकायची. खोटं कशाला बोलू?

आणि तो हात ठेवायचा. मधल्या कुंडाच्या तोंडाशी, जिथं बाबा हात घालून लगेच काढायचे, तिथं विश्राम पंजा बुडवायचा आणि लोकांना म्हणायचा, “मोजा.” लोक मोजायचे. पन्नास, साठ. शंभर झाले की हात बाहेर काढून वर धरायचा. बायका पाया पडायच्या. कुणीतरी म्हणालं, “चेला पुढं गेला, बाबा.”

बाबा म्हणाले, “हं.”

मग बाबांची बहीण अंथरुणाला खिळली. खाडीपलीकडे असायची. बाबा निघाले आणि विश्रामला म्हणाले, “बघ.” पुन्हा एवढंच. बाबा कधी फोड करून सांगत नाहीत. हा त्यांचा दोष आहे आणि तो मी त्यांच्या तोंडावर सांगितलेला आहे.

बाबा गेले त्याच दिवशी विश्रामनं तारेचा ब्रश आणला, पांढरी पावडर आणली, आणि मधल्या कुंडाचं शेवाळ घासून काढलं. एकूण एक. दिवसभर घासत होता. म्हणाला, “बोटीवर असा घाणेरडा हौद ठेवला असता तर चीफनं समुद्रात फेकलं असतं मला.” दुसऱ्या दिवशी कातळ असा निघाला की काय सांगू. पिवळा धमक, मध्ये तांबड्या रेघा. लोक फोटो काढायला लागले. मी म्हटलं, बरं झालं बाई, आता कुणी घसरून पडायचं नाही.

हे मी म्हटलं होतं. तेही लिहून ठेवते.

त्याच दुसऱ्या दिवशी धोंडूकाका पाष्टे आले. शेजारच्या गावचे, अडुसष्ट वर्षांचे. मुलगी सुलू त्यांना रिक्षातून घेऊन आली होती. काकांना दहा-बारा वर्षं साखर. घोट्याखाली काही कळत नव्हतं, रात्री पाय जड व्हायचे, म्हणून आले.

विश्रामनं विचारलं, “पायाला अजिबात कळत नाही का, काका?”

“आगीत घातलास तरी कळायचं नाही,” काका म्हणाले. “परवा एक चप्पल घालून बाजार फिरून आलो. लोक हसले तेव्हा कळलं.”

आम्ही सगळे हसलो.

विश्रामनं मनगटापर्यंत हात घातला. वीस मोजले. म्हणाला, “चला, बरोबर आहे.” पाय लावला नाही. मी बघितलं की यानं पाय लावला नाही. मला वाटलं, हात घातलाय ना, आणि हा तर शंभर मोजणारा.

सुलू माझ्याकडे भाताची पुरचुंडी घ्यायला आली. मी तिला बोलण्यात गुंतवलं. तिच्या सासूबद्दल विचारलं. पंधरा मिनिटं तरी गेली असतील.

ती परत गेली तेव्हा काका काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, डोळे मिटून होते. चेहऱ्यावर सुख होतं. “छान वाटतंय गं,” असं म्हणाले तिला.

तिनं त्यांचे पाय वर उचलले.

ते मी लिहीत नाही. ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे. काका आमच्या तोंडांकडे बघत होते आणि विचारत होते, “काय झालं? काय झालं गं?” त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं.

रिक्षानं तालुक्याला नेलं, तालुक्यानं जिल्ह्याला पाठवलं. काकांच्या चपला काठावरच राहिल्या. मी त्या उचलून माझ्या तांदळाच्या डब्याशेजारी ठेवल्या.

बाबा आठव्या दिवशी बहिणीला माती देऊन परतले. उतारूंनी त्यांना होडीतच सगळं सांगितलं होतं. ते झोपडीत गेले नाहीत. बकरीकडे बघितलं नाही. सरळ मधल्या कुंडावर आले, घासलेल्या कातळाकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग विश्रामच्या समोर बसले. तिथून ते सुरुवातीला सांगितलेलं बोलणं सुरू झालं.

...

“पाणी तेवढं गरम नव्हतं, बाबा,” विश्राम म्हणाला. “त्यांचं कातडं साखरेनं कच्चं झालेलं. डॉक्टरपण तेच म्हणेल.”

“कुठला डॉक्टर?”

“कुठलाही.”

“हात दाखव.”

विश्राम हलला नाही.

बाबांनीच टॉवेल काढला. दोन्ही हात नाही, उजवाच बघितला. बोटांवर, तळव्यावर फोड आलेले होते. काही फुटले होते. सहा-सात दिवसांचे जुने. त्याला ते दुखत नव्हते, हे बघूनच कळत होतं. बाबांनी एका फोडावर अंगठा दाबला. विश्राम बाबांच्या अंगठ्याकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचं काही चाललंय तसा.

“वीस मोजलेस?”

“वीस.”

“वीस मोजून एवढं. आणि तो किती वेळ बसला?”

...

“केव्हापासून कळत नाही?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“विश्राम.”

वरच्या कुंडात बुडबुडे फुटत होते.

“नऊ वर्षं,” विश्राम म्हणाला. “वाफेची नळी फुटली होती. दोन्ही हात. कातडं परत आलं, पण... आत काही आलं नाही.”

“सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

“खरंय त्याचं,” मी म्हटलं. “सात महिने तुम्ही त्याला नुसतं बस म्हणालात, बाबा. जाताना बघ म्हणालात. काय बघ? शेवाळाला हात लावू नको, एवढं तोंडातून काढलं असतंत तर जीभ झिजली असती का? तो शंभर मोजायचा तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“बसलो होतो,” ते म्हणाले. “चुकलं.”

मी आणखी बोलणार होते. चुकलं म्हणणाऱ्या माणसाला पुढं काय बोलायचं?

बाबा पुन्हा विश्रामकडे वळले.

“मी रोज सकाळी इथं येऊन काय बघायचो?”

“पाणी.”

“हात तर मी नंतर घालायचो. आधी काय बघायचो?”

विश्रामनं कातळाकडे बघितलं. पिवळा धमक कातळ. तांबड्या रेघा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

“शेवाळ,” तो म्हणाला.

“चैत्रात काय होतं?”

“पऱ्या आटतो.”

“मग?”

“मग थंड पाणी कमी येतं. मधलं कुंड तापतं...”

“मग शेवाळ काय करतं?”

“...मागं सरतं.”

“त्याला कुणी सांगतं?”

“नाही.”

“त्या तुझ्या देशांत,” बाबा म्हणाले, “ती लाल तळी, नारिंगी तळी. त्यात माणसं उतरतात?”

“नाही. कठडे असतात. दोऱ्या बांधलेल्या असतात. फळीवरून चालायचं.”

“का?”

“उतरलेली माणसं मेली आहेत.”

“तो रंग काय म्हणत होता मग?”

विश्रामची नजर पुन्हा कातळावर गेली.

“तू दोरी बघून थांबलास,” बाबा म्हणाले. “इथं दोरी नव्हती. रंग होता. तो तू घासलास.”

...

मी वरच्या कुंडातून एक पुरचुंडी काढून ठेवली होती. वाफाळत होती. बाबा उठले, तिच्याजवळ गेले आणि नागव्या हातानं ती उचलली. “आई गं,” म्हणाले आणि टाकून दिली. फडकं सुटलं, भात कातळावर सांडला. बाबा हात झाडत, बोटं तोंडात घालत उभे राहिले. सत्तर वर्षांचा माणूस.

आधी असं झालं असतं तर विश्राम हसला असता. पूर्वी हसायचा तो. “बाबा, चाळीस वर्षं झाली, अजून तुमचा हात नव्या नवरीसारखा,” असं चारचौघांत म्हणाला होता एकदा.

“चाळीस वर्षं झाली,” बाबा म्हणाले.

“हो.”

“अजून भाजतं.”

विश्रामनं सांडलेल्या भाताकडे बघितलं.

“मला एवढंच येतं,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात चढावर सुलू दिसली. एकटीच. आठवड्यात अर्धी झाली होती. साडी तीच होती, त्या दिवशीची, असं मला वाटलं. ती माझ्याकडे आली. विश्रामकडे तिनं बघितलं नाही.

“आबांच्या चपला राहिल्यात इथं,” ती म्हणाली.

मी डब्याशेजारून चपला काढल्या. पुसल्या.

“कसे आहेत?” मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“उद्या कापणार आहेत. दोन्ही. गुडघ्याच्या खाली.”

“आणि चपला...”

“मागतायत. त्यांना सांगितलंय कापणार म्हणून. हो म्हणाले. आणि मग म्हणाले, चपला घेऊन ये, लोक चोरतात तिथं.”

ती रडली नाही. रडून झालं होतं तिचं.

बाबा विश्रामला म्हणाले, “तिला सांग.”

“बाबा...”

“मला सांगून काय उपयोग? पाय माझ्या बापाचे नाहीत.”

विश्राम उठला. टॉवेल खाली पडला. तो सुलूच्या समोर जाऊन उभा राहिला, दोन हातांच्या अंतरावर. त्याची मान खाली होती. बाबा म्हणाले, “वर बघून.” त्यानं वर बघितलं.

“सुलूताई,” तो म्हणाला, “माझ्या हातांना कळत नाही. नऊ वर्षं झाली. बोटीवर भाजले. त्या दिवशी मी हात घातला तेव्हा... पाणी कसं आहे ते मला कळलं नव्हतं. तरी मी बरोबर आहे म्हणालो.”

सुलू ऐकत होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग घातलात कशाला?”

विश्रामनं आपल्या हातांकडे बघितलं.

“याच हातांपायी मला बोटीवरून घरी पाठवलं,” तो म्हणाला. “बिनकामाचे म्हणून. आणि इथं याच हातांच्या लोक पाया पडायला लागले. मग... मला सांगवेना.”

मला वाटलं आता ही त्याच्या थोबाडीत देईल. मी असते तर दिली असती. दोन दिल्या असत्या.

सुलूनं चपला काखेत धरल्या. त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा केला. अंगठ्याच्या खाली, मांसल भागाला, नख लावून चिमटा काढला. जोरात. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

विश्रामच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

तिनं आणखी खाली चिमटा काढला. मग मनगटाजवळ. तिथं तो थोडा कचरला.

“इथून कळतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आबांना घोट्यापासून कळायचं. रोज झोपताना मी बघायचे. असंच चिमटे काढत. कुठपर्यंत गेलंय ते.” तिनं हात सोडला. “आबांसारखाच आहे हात.”

आणि ती चपला घेऊन उतरून गेली. खाली रिक्षा थांबली होती. रिक्षा जाईपर्यंत आम्ही तिघंही तिकडेच बघत होतो.

मग विश्राम वळला. धावला नाही, ओरडला नाही. चालत वरच्या कुंडापाशी गेला, पांढऱ्या खारात गुडघे टेकले आणि दोन्ही हात पार तळापर्यंत नेल्यासारखे आत घातले. कोपरापर्यंत. कोपराला कळत होतं, तोंड वेडंवाकडं झालं त्याचं. पण हात काढले नाहीत.

मी किंचाळले. बाबा किंचाळले नाहीत. ते माझ्याआधी तिथं पोचले होते, त्याच्या दंडाला धरून मागं ओढत होते.

“काढ,” बाबा म्हणाले. “लोकांचा भात आहे तिथं.”

हात बाहेर आले. कोपरापर्यंत लालभडक. मी पऱ्यावर गेले, घागरीतून पाणी आणलं, ओतत राहिले. पऱ्याला पाणी करंगळीएवढं उरलंय, एक घागर भरायला वेळ लागतो. चार घागरी ओतल्या. तो बसून होता, हात समोर धरून. कोपराजवळ दुखत होतं म्हणून रडत होता, का कशासाठी, ते मी विचारलं नाही.

“फुकटचं आहे हे,” मी म्हटलं त्याला. “तू भाजलास म्हणून त्यांचे पाय परत येणार आहेत का? माझं पाणी मात्र गेलं.”

“गप्प बस,” बाबा मला म्हणाले. पण रागानं नाही.

सांडलेल्या भातावर कावळे आले. बकरी झोपडीत ओरडत होती, आठ दिवसांनी बाबांचा आवाज ऐकून.

“मी जाऊ का, बाबा?” विश्रामनं विचारलं.

“कुठं?”

“कुठंही.”

“तिथं हातांना कळेल?”

“नाही.”

“मग इथं काय वाईट आहे?”

विश्रामनं डोळे पुसायला हात उचलला, तो भाजलेला, म्हणून तसाच राहू दिला.

“मी इथं काय करणार? हात घालणं हेच काम आहे इथलं. तेच मला जमत नाही. आणि शेवाळ...”

“येईल ते.”

“केव्हा?”

“ते त्याला ठाऊक. तोपर्यंत मधल्यात कुणी उतरणार नाही. दोरी बांध. तुला येते.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर लोक येतील. जो येईल त्याला आधी तुझे हात दाखव. काय झालं ते सांग. धोंडूचं नाव घेऊन सांग.”

“रोज?”

“माणूस येईल तेवढ्या वेळा.”

विश्रामनं मान हलवली. त्याला ते जड गेलं होतं. फोडांपेक्षा जड, हे मला दिसत होतं. शंभर मोजून वर धरायचा तोच हात आता असा दाखवायचा.

“सांगून झाल्यावर?” त्यानं विचारलं.

“त्यालाच विचार, त्याचा हात पाण्यात घालून. गरम आहे का. तो सांगेल ते ऐक.”

“आणि तुम्ही?”

“मी किती दिवस आहे?”

...

ऊन कलायला लागलं होतं. मी पुरचुंड्या आवरत होते. विश्राम अजून तिथंच, त्या घासलेल्या कातळासमोर. बाबा बकरीकडे निघाले, चार पावलं गेले. तेव्हा तो म्हणाला,

“बाबा.”

बाबा थांबले.

“पायाला कळत नाही असा माणूस आला. त्याच्याबरोबर कुणी नाही, सुलू नाही, तुम्ही नाही. शेवाळ आहे का नाही ते दिसत नाही. त्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही. तेव्हा काय करू?”

बाबा तिथंच उभे राहिले. त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं, मघाशी पुरचुंडीनं भाजलेल्या. त्यावर फुंकर घातली.

“तेव्हा दोघं काठावर बसा,” ते म्हणाले.